नागरी टेकड्यांचे जतन आणि वैद्यवर्ग

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेला आहे. परीक्षेच्या निमित्ताने वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती आपल्या स्मरणात राहते. अध्यायाचा आरंभ मात्र बहुधा विस्मृतीत जातो. काम्पिल्य नगरीजवळ गंगेच्या तीरावर, ग्रीष्माच्या अखेरीस, वनात संचार करीत असताना भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. भूमी बिघडली की तीवर वाढणाऱ्या द्रव्यांचे रस, वीर्य, विपाक आणि प्रभावही बिघडतात आणि मग ऐन जनपदोद्ध्वंसाच्या वेळी वैद्याच्या हाती उपयुक्त असे काही उरत नाही.

या प्रसंगातील दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी, की हा उपदेश नगराला लागून असलेल्या वनात चालता चालता झाला. दुसरी अशी, की भूमीचे आरोग्य आणि औषधाचे गुण यांचा संबंध आचार्यांनी येथे स्पष्ट शब्दांत जोडून दाखविला. आज आपल्यापैकी बहुतेकांचा वनस्पतीशी येणारा संबंध पोत्यातील वाळलेल्या तुकड्यांपुरता उरला आहे. ज्या द्रव्याची भरड आपण दररोज देतो त्याचे पान, फूल वा फळ आपण कित्येक वर्षांत पाहिलेले नसते. आणि तीच वनस्पती आपल्या दवाखान्यापासून वीस मिनिटांच्या अंतरावरील टेकडीवर उभी असते.

महाराष्ट्रातील अनेक शहरांना अशा टेकड्या व वनखंड लाभले आहेत. गेल्या दोन-तीन दशकांत त्यांच्या जतनासाठी नागरिकांचे स्वयंसेवी गट पुढे आले. देशी वनस्पती राखणे, वन्यजीवांचा अधिवास टिकविणे आणि पायवाटांची निगा ठेवणे ही त्यांची तीन प्रमुख कामे. या कार्याचे शास्त्र काय, त्यात वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी कोणता वाटा उचलावा आणि कोणता मोह टाळावा, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही पुण्याच्या टेकड्यांच्या आधारे करणार आहोत.

टेकडीचे स्वरूप

पुणे शहराच्या हद्दीतील सर्वांत उंच स्थान म्हणजे वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे ८०० मीटर आहे. चतु:शृंगी, हनुमान टेकडी आणि विधी महाविद्यालयामागील टेकडी या तिच्याच सोंडा होत. दक्षिणेस पर्वती, पाचगाव व तळजई ही दुसरी रांग आहे. खाली सर्वत्र काळा पाषाण. माथ्यावर मातीचा थर कित्येक ठिकाणी वीतभरही नाही. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत. अशा भूमीवर घनदाट अरण्य स्वभावत:च उभे राहत नाही. तेथे गवताळ माळ, काटेरी झुडपे आणि शुष्क पानगळीचे विरळ वन असते.

फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ही भूमी उजाड भासते. त्यामुळे ‘पडीक’ या एका शब्दाने तिची बोळवण होते. वस्तुत: चरकांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात जांगल देशाचे वर्णन करताना जे वृक्ष गणले आहेत त्यांत खदिर, धव, शल्लकी, बदरी यांचा समावेश आहे. आपल्या टेकड्यांच्या ज्या उतारांवर मूळची झाडी शिल्लक आहे तेथे खैर, धावडा, सालई, बोर हेच वृक्ष आजही भेटतात. त्यांच्या जोडीला पळस, बहावा, मोई, गणेर, काळा कुडा, मेडशिंगी आणि हिवर असतात. म्हणजे ज्या भूमीस आपण पडीक म्हणतो ती संहितेतील जांगल भूमीच होय. तिच्यात उणे काही नाही, तिची प्रकृतीच अशी आहे.

तिची खरी श्रीमंती वर्षा ऋतूत दिसते. पहिल्या सरींनंतर काही दिवसांतच मुसळीची पांढरी फुले गवतातून वर येतात. त्यामागोमाग कुंपणाकाठी कळलावी, झुडपांच्या आधाराने शतावरी व अनंतमूळ, मुरमाड जागी विष्णुक्रांता, शरपुंखा, भुईआवळी, पुनर्नवा आणि चिकणा. कंद व मुळे आठ महिने जमिनीखाली निद्रिस्त असतात, आणि वर काहीच दिसत नाही म्हणून तेथे काहीच नाही असा समज होतो. या समजातून किती हानी होते याचा अनुभव आम्ही स्वत: घेतला आहे.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा व्यवसायबंधूंनी मिळून एका टेकडीच्या उतारावर ‘वनौषधी उद्यान’ करण्याचा संकल्प सोडला. हेतू शुद्ध होता. वैशाखात, माळ पूर्ण वाळलेला असताना, आम्ही ओळीने खड्डे घेतले. रोपवाटिकेतून अर्जुन, अशोक, अडुळसा, बेहडा अशी रोपे आणली. आषाढाच्या आरंभी समारंभपूर्वक लागवड केली, नामफलक लावले, छायाचित्रे काढली.

अर्जुन हा ओढ्याकाठचा वृक्ष. अशोकास सावली, ओलावा व खोल माती हवी. वीतभर मातीच्या उघड्या माथ्यावर त्यांचा निभाव लागणे शक्य नव्हते. ही गोष्ट द्रव्यगुणाच्या कोणाही अध्यापकास ठाऊक असावयास हवी होती आणि आमच्यात दोघे अध्यापक होते. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत बहुतेक रोपे वाळली. नामफलक मात्र पुष्कळ दिवस टिकले.

रोपे मेल्याचे दु:ख आम्हांस झालेच. त्याहून अधिक लागले ते एका वृद्ध शेळीपालकाचे वाक्य. तो त्या उतारावर लहानपणापासून शेळ्या चारीत आला होता. खड्ड्यांकडे पाहून तो म्हणाला, “डॉक्टर, इथली मुसळी उपटून तुम्ही हे काय लावलंत?” आम्ही निरुत्तर झालो. पुढील पावसाळ्यात त्याने बोट दाखविले तेथे पाहिले, तेव्हा खड्ड्यांच्या ओळींमधील न खणलेल्या पट्ट्यांत पांढरी फुले उभी होती आणि खणलेल्या जागी गाजरगवत माजले होते. अजपाल, गोपाल व वनवासी लोक औषधींना नामरूपाने जाणतात, असे चरकांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगून ठेवले आहे. ते आम्ही पाठ केले होते. पण खड्डे घेण्यापूर्वी अजपालास विचारावे, हे मात्र आम्हांस सुचले नाही.

या चुकीतून एक नियम आम्ही शिकलो. टेकडीवर काही लावण्यापूर्वी निदान एक संपूर्ण वर्ष, सहाही ऋतू, ती केवळ पाहावी. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेवाचून आपण रुग्णास औषध देत नाही. भूमीच्या बाबतीत तेवढे धैर्य का असू नये?

परकी झाडी आणि तिचा उपचार

टेकड्यांच्या व्याधीचे एक प्रमुख कारण म्हणजे बाहेरून आलेल्या वनस्पतींचे आक्रमण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या टेकड्या हिरव्या करण्यासाठी गिरिपुष्प, म्हणजेच उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली. हा वृक्ष मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. फांदी रोवली तरी जगतो, गुरे त्यास सहसा तोंड लावीत नाहीत आणि उथळ मातीतही तो वाढतो. त्या वेळच्या दृष्टीने ही निवड समजण्यासारखी होती. परंतु पुढे त्याची दाट एकसुरी झाडी झाली. तिच्या छायेत मूळचे गवत व भूमिकंद मागे हटले. सुबाभूळ, घाणेरी, गाजरगवत आणि अलीकडे माथ्यांवर पिवळ्या-नारिंगी फुलांनी सर्वांस मोहविणारा कॉसमॉस, ही मंडळीही परदेशीच.

यावर सर्व काही एकदम तोडून टाकावे, हा उतावळा उपचार होय. अतिशोधनाने जसे रुग्णाचे बल क्षीण होते, तसेच एकाच वेळी मोकळी केलेली भूमी उन्हाने करपते, पावसाने वाहते आणि तीवर पुन्हा तणच प्रथम येते. शिवाय नागरी क्षेत्रात वृक्षतोडीस १९७५ च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार अनुमती लागते आणि वनजमिनीवर वन विभागाचा अधिकार चालतो. मोठ्या वृक्षांविषयीचा निर्णय त्या यंत्रणांचाच आहे. स्वयंसेवकांनी आपले काम रोपे, झुडपे व तण यांपुरते ठेवावे.

ते काम कसे करावे याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातील सिडनी नगरात घडले. तेथील मॉसमन या उपनगरात जोन व आयलीन ब्रॅडली या दोन भगिनी १९६० च्या दशकात रोजच्या फेरफटक्यात वनखंडातील परकी तणे हाताने काढीत असत. त्यांच्या अनुभवातून तीन सूत्रे सिद्ध झाली. पहिले, काम नेहमी चांगल्या भागाकडून बिघडलेल्या भागाकडे न्यावे. जेथे देशी वनस्पती सबळ आहेत त्या जागेच्या कडेपासून आरंभ करावा. दुसरे, माती शक्य तितकी कमी हलवावी आणि पालापाचोळा पुन्हा जागेवर पसरावा. तिसरे, देशी वनस्पती ज्या गतीने मोकळी जागा व्यापतील त्या गतीनेच पुढे सरकावे, त्याहून त्वरा करू नये. ही पद्धती पुढे त्या देशातील स्वयंसेवी वनसंवर्धनाचा आधार ठरली.

वैद्यांस यातील तत्त्व नवे नाही. शेष राहिलेल्या बलाचे रक्षण करीत व्याधी हळूहळू मागे रेटावी, हेच आपण दुर्बल रुग्णात करतो. नवशिके गट मात्र नेमके उलटे करतात. सर्वांत भयंकर दिसणाऱ्या घाणेरीच्या रानावर प्रथम तुटून पडतात, महिन्याभरात थकतात, आणि दरम्यान चांगल्या भागात तण शिरलेले असते.

घाणेरीविषयी आणखी एक उपयुक्त माहिती. ती वरून छाटली तर बुंध्यातून जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत, जेथून फुटवे येतात त्या भागाच्या खाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडतात आणि झुडूप उचलून उलटे ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. माती फारशी उकरली जात नाही, हा तिचा मोठा गुण. पुढील दोन-तीन वर्षे नव्याने उगवणारी रोपे पावसाळ्यात, माती मऊ असताना, हाताने उपटावी लागतात. हा पाठपुरावा झाला नाही तर सर्व श्रम वाया जातात.

पशुपक्षी: वनस्पतींचे सहचर

वनस्पती राखावयाच्या तर त्यांचे बीज वाहणारे प्राणीही राखले पाहिजेत. गुळवेलीची लाल फळे बुलबुल खातात व बी दूरवर टाकतात. चंदनाचे बी कोकिळेसारख्या फळभक्षी पक्ष्यांच्या पोटातून जाऊन झुडपांखाली पडते. तेथे त्यास आवश्यक असलेला आश्रयी वृक्ष मुळाशीच मिळतो, कारण चंदन हा अंशत: परोपजीवी आहे. बहाव्याच्या शेंगेतील जो गर आपण आरग्वध म्हणून मृदुरेचनासाठी योजतो त्याच गरासाठी माकड, कोल्हा यांसारखे प्राणी ती कठीण शेंग फोडतात आणि बी मोकळे करतात.

पुण्याच्या टेकड्यांवर आजही मोर आहेत. मुंगूस, ससा, घोरपड यांचा वावर आहे. झुडपांत सातभाई व भारद्वाज दिसतात. यांच्यासाठी स्वयंसेवकांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. मोरांस धान्य टाकू नये. मोकाट कुत्र्यांस टेकडीवर अन्न घालू नये, कारण ती जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचा नाश करतात. वाळलेले झाड केवळ अशोभनीय दिसते म्हणून तोडू नये. त्याच्या ढोलीत पक्षी राहतात. घाणेरीची दाट जाळी काढावयाची असल्यास घरटी नसल्याची खात्री करावी आणि सर्व जाळी एका वर्षात काढू नये, कारण देशी झुडपे वाढेपर्यंत तीच पक्ष्यांचा आडोसा असते.

पायवाटांची निगा

पायवाटेचा विषय वैद्यकाच्या नियतकालिकात का, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. सुश्रुतांनी प्रमेहचिकित्सेत चालण्यास मोठे स्थान दिले आहे आणि आपण सर्व जण मधुमेही, स्थूल व हृद्रोगी रुग्णांस ‘रोज टेकडीवर फिरा’ असे सांगतो. सकाळी टेकडीवर पडणाऱ्या पावलांपैकी कित्येक आपल्याच सल्ल्याने पडत असतात. औषधाच्या उपद्रवाची जबाबदारी जशी आपली, तशीच या सल्ल्याच्या परिणामांचीही.

एक अरुंद वाट भूमीस फारशी बाधत नाही. उपद्रव होतो तो फाटे फुटल्याने. वळण टाळण्यासाठी कोणी सरळ उतारावरून उतरतो, त्याच्यामागे दुसरा जातो, महिन्याभरात नवी वाट पडते. पावसाळ्यात पाणी त्याच वाटेने धावते, मुरूम वाहून नेते, घळ पाडते. मग लोक घळीच्या कडेने चालू लागतात आणि वाट आणखी रुंदावते. पायाखाली दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही.

उपाय आधी प्रतिबंधाचा. चुकीच्या फाट्याच्या तोंडाशी वाळलेल्या काटेरी फांद्या आडव्या टाकल्या की एका पावसाळ्यात तेथे गवत धरू लागते. मुख्य वाटेवर पाणी वाहू लागले असेल तर ठरावीक अंतरावर दगडांची तिरपी ओळ जमिनीत पुरावी. तिच्याने पाणी वाटेवरून बाजूच्या गवतात उतरते. दगड टेकडीवरचेच, सुटे पडलेले घ्यावेत. उकरून काढू नयेत, त्यांच्याखाली विंचू, सरडे, पाली राहतात. फरसबंदी, सिमेंटच्या पायऱ्या, विजेचे दिवे यांची मागणी आपण करू नये. वाट एक माणूस चालेल एवढी असावी आणि रात्र प्राण्यांची असावी. रुग्णास सल्ला देताना ‘रोज चाला’ याला ‘मूळ वाटेनेच चाला’ ही पुस्ती जोडली, तर सल्ला पूर्ण होईल.

गुळवेलीचा धडा

आता ज्या विषयासाठी हा लेख आम्ही मुख्यत: हाती घेतला त्याकडे वळतो. २०२० साली कोविडची साथ आली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाने जाहीर केलेल्या चिकित्सा-मार्गदर्शिकेत गुडूची घनवटीचा समावेश होता. त्यापूर्वीच गुळवेलीचे नाव घरोघरी पोहोचले होते. आमच्यापैकी काहींनी रुग्णांस सहज म्हटले होते, की गुळवेल टेकडीवर हवी तेवढी मिळते. त्या पावसाळ्यानंतर आम्ही आमच्या नेहमीच्या वाटेवर गेलो, तेव्हा ओळखीच्या वेली बुंध्याशी कापलेल्या आढळल्या. काहींचे वरचे भाग झाडावर तसेच वाळत होते; काही मुळासकट नाहीशा झाल्या होत्या.

निघंटूंत गुळवेलीस छिन्नरुहा म्हटले आहे. तोडली तरी ती पुन्हा रुजते, वरून लोंबणारी मुळे सोडून भूमी गाठते. या नावामुळे आपण निश्चिंत राहतो. परंतु रुजावयास वेलीचा काही अंश जागेवर उरला पाहिजे. शंभर हात एकाच वेलीकडे वळले तर छिन्नरुहेचाही नाश होतो.

दुसरी बाजू ओळखीची. २०२१ साली मुंबईतील सहा रुग्णांत गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झाल्याचा अहवाल यकृतविज्ञानाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेताना, टायनोस्पोरा क्रिस्पासारखी दिसावयास जवळची वेल घेतली गेली असण्याची शक्यता दर्शविली. २०२२ मध्ये अनेक केंद्रांतील रुग्णांचा मोठा अहवालही आला. गुळवेलीच्या सुरक्षिततेची ती चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आणि ओळख पटली की सर्व प्रश्न सुटतात असेही आम्ही म्हणत नाही. परंतु ‘नेमकी कोणती वेल घेतली?’ हा प्रश्न त्या चर्चेच्या मुळाशी होता, आणि रुग्णास टेकडीकडे बोट दाखविणाऱ्या वैद्यास त्याचे उत्तर देता येणे शक्य नव्हते. टायनोस्पोरा कॉर्डिफोलियाची साल पापुद्र्यासारखी सुटते व आत हिरवी असते, फळ गोल व लाल असते. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात व फळ लांबट, नारिंगी असते. टायनोस्पोरा सायनेन्सिसच्या पानांवर लव असते. ही लक्षणे वेल उभी असताना डोळ्यांस दिसतात. भरडीत ती हरवतात.

यावरून आमच्या गटाने एक नियम केला आणि आजतागायत पाळला: टेकडीवरून औषधासाठी काहीही आणावयाचे नाही; रुग्णास काही आणावयास सांगावयाचे नाही. वनजमिनीवरून विनापरवाना वनोपज नेणे हा कायद्याने अपराध आहेच. परंतु कायदा नसता तरी हा नियम आवश्यक ठरला असता. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या २०१७ च्या पाहणीनुसार देशात १,१७८ जातींच्या औषधी वनस्पतींचा व्यापार होतो आणि त्यांपैकी २४२ जातींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० टनांहून अधिक आहे. या मागणीपुढे शहरातील एखादी टेकडी म्हणजे समुद्रापुढील ओंजळ. टेकडी हे आपले कोठार होऊ शकत नाही. ती आपली पाठशाळा मात्र होऊ शकते.

औषधनिर्मात्या बंधूंस येथे एक सोपा मार्ग सुचवितो. गुळवेलीची बोटाएवढ्या जाडीची कांडी पावसाळ्याच्या आरंभी लावली तर सहज रुजते. प्रत्येक फार्मसीच्या आवारात कडुनिंबावर ओळख पटवून लावलेली एक वेल असावी. तिच्याने कारखान्याची गरज भागणार नाही, परंतु पुरवठादाराने आणलेला माल कशाशी ताडून पाहावा याचे प्रमाण हाताशी राहील. माल कोणत्या भागातील, लागवडीचा की रानातील, हा प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारला तरी व्यापाऱ्याच्या वागण्यात फरक पडतो, असा आमचा अनुभव आहे.

द्रव्यपरिचयाचा लाभ

मग वैद्यास टेकडीपासून काय मिळते? सर्वांत मोठा लाभ म्हणजे जिवंत द्रव्याचा परिचय. कुटजाचे उदाहरण घ्या. चरकांनी कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे भेद फळ, फूल व पान यांवरून सांगितले. बाजारात आजही पांढऱ्या कुड्याच्या जागी काळा कुडा येतो. टेकडीवर काळा कुडा सहज भेटतो. त्याच्या पांढऱ्या फुलातील झालर आणि टोकांशी परस्परांस चिकटलेल्या कोवळ्या जुळ्या शेंगा एकदा पाहिल्या, की अलग लोंबणाऱ्या शेंगांचा पांढरा कुडा, अर्थात होलॅऱ्हेना, निराळा कसा हे पुन्हा सांगावे लागत नाही. इंद्रजव कडू आणि गोड असे दोन प्रकारचे का मिळतात, याचाही उलगडा तेथेच होतो.

शंखपुष्पीचेही तसेच. औषधिकोशात कन्व्हॉल्व्ह्युलस ग्राह्य. प्रांतोप्रांती मात्र विष्णुक्रांता, गोकर्णी अशी निरनिराळी द्रव्ये त्या नावाने चालतात. विष्णुक्रांतेची निळी इवली फुले सकाळच्या उन्हात मुरमावर उमललेली ज्याने पाहिली, तो पुडी उघडताना तरी एक क्षण थांबेल.

दुसरा लाभ नोंदींचा. कोणती वनस्पती केव्हा पालवते, फुलते, फळते याची तिथीवार नोंद एका वहीत दहा वर्षे ठेवली, तर ऋतूंतील बदलाचा स्थानिक पुरावा आपल्या हाती येईल. मुळे, साल, कंद, क्षीर, पुष्प यांच्या ग्रहणाचे काल संहितेत ऋतुपरत्वे सांगितले आहेत. ऋतूच सरकले तर त्या कालांचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न पुढील पिढीपुढे येणार आहे आणि त्यास केवळ ग्रंथ पुरे पडणार नाहीत.

वर्षभराचे कार्य

गट स्थापन करताना प्रथम जमीन कोणाची हे पाहावे. एकाच टेकडीवर वन विभाग, महापालिका व खासगी मालक असे तिघेही असू शकतात. संबंधित कार्यालयाची लेखी अनुमती घेऊनच आरंभ करावा. दहा माणसे आणि आठवड्यातून दोन तास एवढे बळ एका लहान उतारास पुरते. ऋतुपरत्वे कामाची विभागणी अशी:

वर्षा: मऊ मातीतून घाणेरी व गाजरगवताची रोपे उपटणे, वाटेवर पाणी कोठे वाहते ते पाहून ठेवणे, वनस्पतींची नोंद. वाट सोडून चालणे या ऋतूत कटाक्षाने टाळावे, कोंब पायाखाली चिरडतात.

शरद: कॉसमॉसचे बी पडण्यापूर्वी तो उपटणे. देशी गवताचे बी गळेपर्यंत गवत कापू नये.

हेमंत व शिशिर: वाळलेल्या गवतात वन कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली जाळरेषा राखणे; घाणेरीची मूळतोड.

वसंत: वणव्यावर लक्ष, पळस, पांगारा, सालई यांच्या फुलोऱ्याची नोंद, विद्यार्थ्यांच्या वनस्पतिपरिचय सहली.

ग्रीष्म: वणव्याची गस्त चालू ठेवणे, पावसापूर्वी वाटेवरील दगडी ओळी दुरुस्त करणे, लागवड करावयाचीच असेल तर मागील वर्षाच्या निरीक्षणावरून त्याच टेकडीवरील जातींची निवड. खड्डा घेण्यापूर्वी पूर्वीच्या पावसाळ्यातील नोंद पाहावी, हे आम्ही स्वत:च्या चुकीवरून सांगतो.

समारोप

२०२३ साली वेताळ टेकडीवरून प्रस्तावित केलेल्या रस्त्याच्या व बोगद्यांच्या विरोधात पुणेकर नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. अशा वेळी टेकडीवर काय आहे हे नावानिशी व नोंदीनिशी सांगू शकणारी माणसे लागतात. जांगल भूमीची लक्षणे, तेथील द्रव्ये आणि त्यांचे गुण जाणणारा वर्ग म्हणून हे काम वैद्यांकडे स्वाभाविकपणे येते.

आमच्या वनौषधी उद्यानाचे खड्डे आता बुजले आहेत. मधल्या पट्ट्यांतून मुसळी हळूहळू त्या जागी सरकत आहे. आम्ही काही लावले नाही, केवळ गाजरगवत काढीत राहिलो. तो वृद्ध शेळीपालक आता टेकडी चढत नाही. त्याने सांगितलेली नावे आमच्या वहीत आहेत. आपापल्या गावच्या टेकडीवर अशी नावे सांगणारे कोणी अद्याप असेल, तर व्यवसायबंधूंनी येत्या पावसाळ्याची वाट न पाहता त्याच्यासह एकदा वर जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.